मागून आलेला हात

चावीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोबण. आत एक स्टूल, चाव्या कापायचं यंत्र, चावी घट्ट पकडायचा शेगडा आणि खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या. मालक आत बसला की त्याची पाठ थेट भिंतीला टेकायची. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला मोठी जागा परवडत नाही. परवडली असती. कोपऱ्यावरचा ऐसपैस गाळा दोनदा चालून आला होता आणि दोन्ही वेळा त्यानं नको म्हटलं होतं, कारण त्या गाळ्याला मागूनही दार होतं.

पाठीमागे कोणी नको, हा त्याचा हट्ट. बसमध्ये बसायचं तर शेवटच्या बाकड्यावर, नाहीतर उभ्यानं. रांग दिसली की 'तुम्ही व्हा पुढे, तुम्ही व्हा पुढे' म्हणत हा आपला शेवटी. त्यामुळे घरचं विजेचं बिल कायम उशिरा भरलं जायचं. बायकोला तर लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तंबी मिळाली होती की मला हाक मार, समोरून ये, पण मागून खांद्यावर हात ठेवू नकोस. तिनं तो नियम पाळला, पण तोंड थोडंच बंद ठेवणार? "नवऱ्याचा संसार केला, पण त्याच्या पाठीशी माझी अजून ओळख नाही," असं ती शेजारणींना सांगायची. शेजारणी हसायच्या. ती मात्र हसता हसता जरा थांबायची.

चावीवाला मूळचा फौजेतला. तिथं त्याचं नाव बोका, कारण डब्यातलं घट्ट दूध कोणी चोरलं हे कधी विचारावंच लागायचं नाही. डोंगरातल्या एका चौकीवर त्यांची तुकडी होती आणि रात्रीची गस्त हे त्यांचं काम. रांगेच्या पुढे असायचा तो म्होरक्या; पोरं त्याला पाठीमागे म्होरक्या म्हणत आणि तोंडावर दादा. रांगेच्या शेवटी असायचा शेपट्या. मध्ये बाकीचे, आणि शेपट्याच्या बरोबर पुढे बोका.

या गस्तीची एक पद्धत होती. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. म्होरक्या मधूनमधून थांबे. तो थांबला की सगळी रांग थांबे. मग शेपट्यानं आपला हात पुढच्याच्या उजव्या खांद्यावर ठेवायचा, त्यानं त्याच्या पुढच्याच्या, असं करत करत हात म्होरक्यापर्यंत पोचायचा. हात पोचला म्हणजे सगळे आहेत. मग पुढे चालायचं. आणि मान वळवून मागे बघायचं नाही, काही झालं तरी. अंधारात मान वळली की पाय वळतो आणि पाय वळला की माणूस दरीत, असं म्होरक्या सांगायचा. बघायचं कशाला? हात आहे ना!

शेपट्याच्या हाताची एक खोड होती. हात ठेवून झाला की तो बोक्याच्या कानाखाली अंगठ्याच्या नखानं एक टिचकी मारायचा. थंडीनं बधिर झालेल्या कानाखाली ती अशी काही झोंबायची की बोका मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ही टिचकी दोघांतली. पुढच्यांना ती कळायचं कारणच नव्हतं.

एका रात्री रांग चौकीवरून खाली उतरत होती. वाटेत ओढा होता आणि त्यावर लाकडी साकव. साकव ओलांडून म्होरक्या थांबला. बोक्याच्या खांद्यावर हात आला, टिचकी आली. त्यानं हात पुढे दिला. रांग चालली. पायथ्याशी पुन्हा थांबली, पुन्हा हात आला, पुन्हा टिचकी. खालच्या छावणीत जाऊन कंदिलाच्या उजेडात सगळे एकमेकांकडे बघतात, तर शेपट्या नाही.

तो सकाळी सापडला. साकवाच्या वरच्या बाजूला, वाटेखालच्या घळीत. म्हणजे साकवापर्यंत तो आलाच नव्हता. मग साकव ओलांडल्यावर बोक्याच्या खांद्यावर हात ठेवला कोणी?

चौकशी झाली. बोक्यानं टिचकीसकट सगळं सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी एक जण हसला. निष्कर्ष सरळ होता: चालता चालता याला डुलकी लागली आणि हात आलेला नसताना यानं सवयीनं पुढे दिला. शिक्षा काही झाली नाही. पण त्या दिवसानंतर तुकडीत त्याच्या पुढे चालायला कोणी तयार होईना. जेवताना त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. म्होरक्या एकच वाक्य बोलला, "झोप लागली असं म्हणाला असतास तर माफ केलं असतं." बोका म्हणाला, "हात आला होता, दादा." त्यानंतर दोघांत बोलणं राहिलं नाही, आणि मुदत संपताच बोक्यानं फौज सोडली.

तुकडीत औषधपाणी बघणारा एक जण होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि तोही ओ देई. त्यानं शेपट्याला पाहून तेव्हाच सांगितलं होतं की हा पडल्या पडल्या गेलेला नाही, बराच वेळ जिवंत होता. पुढे जेव्हा जेव्हा ती मंडळी भेटली तेव्हा शेपट्याचं गुणगान भरपूर झालं, मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. पण त्या 'बराच वेळ'बद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आणि आता, इतक्या वर्षांनी, म्होरक्या दुकानासमोर उभा होता.

चावीवाल्यानं त्याला चालीवरून ओळखलं. बाकी ओळखण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. छाती आत गेली होती, डोळ्यांत मोतीबिंदूची साय होती. पण पाठ अजून ताठ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"बोक्या," तो म्हणाला.

या नावानं त्याला कित्येक वर्षांत कोणी हाक मारली नव्हती. चावीवाला यंत्र बंद करून उठला.

"ती चौकी बंद झाली म्हणे," म्होरक्या म्हणाला. "वाट आता सगळ्यांना खुली आहे. शेपट्याच्या जागेवर आपण दगड उभा केला होता, त्यावरचं नाव पुसलं असेल. डॉक्टर आहे, वायरलेस आहे. बाकीचे वर गेले. डोळे आहेत तोवर एकदा रंग देऊन यावं म्हणतो."

"मग जाऊन या."

"तू चल."

म्होरक्यानं दुकानापुढच्या लाकडी फळीवर दोन्ही हात टेकले. "मी म्हातारा झालो रे. मनात काही ठेवून मरायची इच्छा नाही. तू फक्त एकदा माझ्या तोंडावर सांग, की त्या रात्री हात आला नव्हता. झोप कोणाला लागत नाही? मला पण लागलीये. एवढं म्हण, आणि मी सगळं विसरतो."

चावीवाल्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि बाजूला उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, म्हणून टाकावं की. एका शब्दाचा तर प्रश्न. पण तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि डबा घट्ट धरला.

"हात आला होता, दादा," चावीवाला म्हणाला. "तुम्ही मला माफ करावं म्हणून मी थांबलेलो नाही. तुम्ही खरं मानावं म्हणून थांबलोय."

म्होरक्यानं फळीवरचे हात काढले. मग म्हणाला, "तरीही ये. तू रांगेत होतास."

गाडी डॉक्टर चालवत होता. फौजेतून सुटल्यावर त्यानं औषधांचं दुकान काढलं होतं आणि लोक तिथंही त्याला डॉक्टरच म्हणत. शेजारी वायरलेस, तुकडीचा बिनतारी संदेशवाला. ऐन उमेदीची वर्षं कानाला यंत्र लावून बसलेला हा माणूस आता ठार बहिरा झाला होता आणि त्याबद्दल त्याला स्वतःलाच हसू यायचं. "सगळ्या जगाचं ऐकून झालं," तो म्हणायचा, "आता कोणाचं ऐकायचं नाही." चावीवाला मागच्या सीटवर, पाठ दाराला लावून तिरका बसला होता. म्होरक्यानं ते पाहिलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

ऊन चांगलं पडलं होतं. चौघं धापा टाकत, एकमेकांच्या ढेऱ्यांवर विनोद करत चढले. साकव होता तिथंच होता, फक्त फळ्या नव्या होत्या. ओढ्याला पाणी भरपूर, शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये इतका आवाज. साकवावरून पलीकडे जाताना चावीवाल्यानं एकेक फळी मोजली, पण काही झालं नाही. वर दगड सापडला. डॉक्टरनं ब्रशनं शेवाळ खरवडलं आणि वायरलेसनं नावाची अक्षरं पांढरी केली. शेवटचं अक्षर ओघळलं. "शेपट्याचं शेपूट," म्होरक्या म्हणाला, आणि चौघंही हसले. हसता हसता म्होरक्यानं बाही डोळ्यांना लावली.

परत निघायचं म्हणून उठले तर धुकं आलं होतं. आलं कधी ते कळलंच नाही. आधी समोरची टेकडी गेली, मग झाडं गेली, मग दगडावरची पांढरी अक्षरंही दोन हातांवरून दिसेनाशी झाली. दुपार असून पहाटेसारखा उजेड.

"रांग करा," म्होरक्या म्हणाला, आणि इतक्या वर्षांनी तिघांचे पाय आपोआप हलले. "वायरलेसची नजर चांगली आहे, तो पुढे. मग डॉक्टर. मग बोका. हात द्यायचा, जुन्या पद्धतीनं."

"आणि तुम्ही, दादा?"

"मी शेवटी. जन्मभर पुढून चाललो. शेवटून कसं वाटतं ते एकदा बघतो."

नाही म्हणता आलं असतं. पण ज्यानं आपल्याला खोटं ठरवलं तोच आज आपल्या मागे यायला तयार आहे, हे त्याला कुठंतरी बरंही वाटलं. त्यानं पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली.

दगडापासून थोडं खाली आल्यावर वायरलेस थांबला. हात आला. म्होरक्याचा हात त्याच्यासारखाच, जड, पंजा सपाट, पाटी पुसल्यासारखा ठेवून लगेच उचललेला. चावीवाला जागचा हलला नाही. त्यानं हात डॉक्टरला दिला, डॉक्टरनं वायरलेसला. रांग चालली. त्याला एकदम हलकं वाटलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मागून शिवलं होतं आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

ओढ्याचा आवाज वाढत गेला. पायाखाली फळ्या लागल्या. साकव ओलांडून दहा-वीस पावलं गेल्यावर वायरलेस पुन्हा थांबला.

चावीवाला खांदा तयार ठेवून उभा राहिला. हात यायला जरा वेळ लागला. मग आला.

हलका हात होता. बोटं लांब. शर्टाच्या कापडातून ती थंडगार लागत होती, आणि ती लगेच उचलली गेली नाहीत. मग कानाखाली, नेमकी त्याच जागी, अंगठ्याच्या नखाची टिचकी बसली.

त्याचा उजवा हात सवयीनं उठला होता. डॉक्टरच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला. डॉक्टर पाठ करून वाट बघत होता. त्याच्या पलीकडे वायरलेस वाट बघत होता. हात दिला असता तर रांग चालायला लागली असती, तशीच, त्या रात्रीसारखी, खाली उजेडापर्यंत. आणि मान वळवायची नाही. त्याच्या सगळ्या अंगात तो नियम मुरलेला होता. मानेचे स्नायू लाकूड झाले होते.

त्यानं हात खाली घेतला आणि मान वळवली.

मागे कोणी नव्हतं. पांढरं धुकं, आणि त्यात साकवाची पहिली फळी. तिच्यावरून पाणी ठिबकत होतं.

"थांबा!" तो ओरडला. वायरलेसला ऐकू आलं नाही, पण डॉक्टरनं त्याची कॉलर धरली. "दादा नाहीत!"

तिघं परत फिरले. साकवाच्या वरच्या बाजूला वाटेची कड ताजी ढासळली होती. खाली घळीत, झुडपात अडकून म्होरक्या पडला होता. एक पाय नको तिकडे वळला होता, तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज निघत नव्हता. आणखी हातभर सरकला असता तर ओढ्यात गेला असता. डॉक्टर आणि चावीवाला बसत-सरकत खाली उतरले, वायरलेसनं वरून कमरेचा पट्टा सोडला, आणि म्हाताऱ्याला कसंबसं ओढून वाटेवर आणलं. डॉक्टरनं काठी आणि मफलर घेऊन पाय बांधायला घेतला.

म्होरक्याचा श्वास हळूहळू जागेवर आला.

"हाक मारत होतो," तो पुटपुटला. "छातीला असा दणका बसला की आवाजच फुटेना. वाटलं, आता गेले हे. खाली गाडीपाशी गेल्यावर कळेल यांना." त्यानं चावीवाल्याकडे बघितलं. "तू वळलास कसा?"

चावीवाल्यानं साकवाकडे बघितलं.

"बोक्या. मी हात दिला नव्हता. मग तू थांबलास कशानं?"

"हात आला, दादा."

ओढा वाहत होता. वायरलेसला काही ऐकू येत नव्हतं, तो फक्त सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. डॉक्टरची बोटं गाठीवर थांबली.

"टिचकीसकट?" म्होरक्यानं विचारलं.

"टिचकीसकट."

म्होरक्याचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. तो पायाच्या दुखण्यानं झाला नव्हता. त्यानं चावीवाल्याचं मनगट पकडलं आणि म्हणाला, "मग तेव्हाही आला होता. खरं बोलत होतास तू. पोरा, तू पहिल्यापासून खरं बोलत होतास."

हेच ऐकायला चावीवाला थांबला होता. ही तीन वाक्यं म्होरक्या कसा बोलेल, कुठं बोलेल, आपण काय उत्तर देऊ, हे त्यानं खोबणीत बसून चाव्या घासताना हजार वेळा मनात घोळवलं होतं. आता ती आली, आणि त्याच क्षणी त्याला दुसरं काहीतरी कळलं. कळलं ते असं, की त्यातून आता सुटका नव्हती.

"डॉक्टर," तो म्हणाला, "शेपट्या किती वेळ होता म्हणाला होतास?"

"जाऊ दे ना आता."

"किती वेळ?"

डॉक्टर गाठ आवळत राहिला. "उजाडेपर्यंत असावा," तो अखेर म्हणाला.

चावीवाला वाटेवर मटकन बसला. आजवर तो समजत होता की तो हात म्हणजे 'मी आहे, चला पुढे'. चौकशीत त्यानं तेच सांगितलं होतं. सगळे भांडले ते हात आला की नाही यावर. तो कशाला आला, हे कोणी विचारलंच नाही, त्यानंही नाही. शेपट्या घळीत पडून होता, जिवंत होता, आणि त्याच्याकडे हाक मारायला दुसरं काही नव्हतं. साकवापाशी त्यानं हाक मारली. पायथ्याशी पुन्हा मारली. आणि दोन्ही वेळा बोक्यानं ती हाक इमानेइतबारे पुढे पोचवली, आणि रांग चालती केली.

त्या रात्री खरंच डुलकी लागली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि तो म्हाताऱ्या माणसांसारखा, आवाज न करता रडला. म्होरक्यानं त्याचं मनगट सोडलं नाही.

"वळू नका असं मी सांगितलं होतं," म्होरक्या म्हणाला. "मी."

मग डॉक्टर म्हणाला की म्हाताऱ्याला गारठ्यात ठेवून चालायचं नाही. डॉक्टर आणि वायरलेसनं म्होरक्याला दोन्ही बाजूंनी खांद्यावर घेतलं. चावीवाला त्यांच्या मागे उभा राहिला.

"शेवटी मी," तो म्हणाला.

साकव ओलांडून ते तिघं थांबले, आणि म्होरक्यानं सवयीनं खांदा सैल सोडला. हात येईना.

"बोक्या?" त्यानं विचारलं. "आहेस ना?"

"आहे."

"मग?"

"जरा थांबा, दादा. सगळे आले नाहीत अजून."

चावीवाला साकवाच्या टोकाशी उभा होता. त्यानं धुक्याकडे तोंड करून हळूच म्हटलं, "वळलो रे शेपट्या. उशिरा वळलो." मग तो पुन्हा पुढे तोंड करून उभा राहिला. डाव्या खांद्यावरची पिशवी त्यानं खाली ठेवली. ज्या पाठीला त्यानं आयुष्यभर भिंत शोधली ती पाठ त्यानं उघड्या धुक्याला दिली आणि उजवा खांदा मोकळा ठेवून वाट बघितली.

म्होरक्याचा पाय ठणकत होता. पण या वेळी त्यानं चला म्हटलं नाही. खाली ओढा वाहत होता आणि फळ्यांवरून पाणी ठिबकत होतं. धुकं विरळ होऊन पलीकडची वाट दिसायला लागेपर्यंत चौघं तसेच उभे राहिले.

हात आला नाही. मग चावीवाल्यानं पिशवी उचलली आणि म्होरक्याच्या खांद्यावर आपला हात ठेवला.